दात आणि डोळा

बांधावरून दोन भावकींत जुंपली आणि काठ्या निघाल्या. एकाचा समोरचा दात पडला. दुसऱ्याच्या डोळ्यात काठीचं टोक घुसलं आणि त्या डोळ्याची नजर कायमची गेली. गावात कुणालाही विचारा, पहिल्याचं थोडक्यात निभावलं आणि दुसरा जन्माचा अधू झाला असंच उत्तर मिळेल. फौजदारी कायद्याला विचारलं तर तो एक यादी पुढे करतो. त्या यादीत डोळा दुसरा आहे आणि दात सातवा. पण यादीत एकदा नाव लागलं की क्रमांकाला काही किंमत उरत नाही. दोन्ही ‘जबर दुखापत’.

ही यादी १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३२० म्हणून बसली होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेत कलम ११६ म्हणून बसली आहे. नवा कायदा आला, क्रमांक बदलले, यादी जवळपास तीच राहिली. तिच्यात आठ प्रकार येतात. पुरुषत्व नष्ट होणं. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं. एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणं. एखादा अवयव किंवा सांधा तुटून जाणं. अवयव जागेवर असूनही त्याची ताकद कायमची जाणं किंवा कमी होणं. डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणं. हाड किंवा दात मोडणं, निखळणं. आणि आठवा प्रकार, ज्यात उरलेलं सगळं कोंबलं आहे: जिवाला धोका करणारी जखम, किंवा जखमी माणसाला ठरावीक दिवस तीव्र वेदनेत ठेवणारी, रोजचे व्यवहार करू न देणारी जखम. हे दिवस पूर्वी वीस होते, आता पंधरा आहेत.

यादी नीट वाचली की पहिल्या सहा प्रकारांत काहीतरी कायमचं गेलेलं दिसतं, शेवटच्या दोनांत तशी अट नाही. मनगटाचं हाड मोडलं तर सहा आठवडे प्लास्टर, मग हात पूर्ववत. तरीही ती जबर दुखापत. उलट छातीवर, पाठीवर, मांडीवर आयुष्यभराचा व्रण राहिला, पण हाड शाबूत आहे आणि माणूस दहा दिवसांत कामाला लागला, तर ती साधी दुखापत. विद्रूपतेचा विचार कायद्याने मानेच्या वरच केला.

असं का, याचं उत्तर यादी करणाऱ्यांच्या काळात सापडतं. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या विधी आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा तयार केला. त्यावर कायदा व्हायला १८६० उजाडलं आणि अंमल १ जानेवारी १८६२ ला सुरू झाला. मसुदा करणाऱ्यांसमोर फ्रान्सची १८१० ची दंड संहिता होती, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यासाठी लिव्हिंगस्टनने केलेला मसुदा होता. फ्रेंच संहितेच्या कलम ३०९ मध्ये वीस दिवसांहून अधिक आजारपण किंवा कामाला असमर्थता हीच गंभीर मारहाणीची खूण मानली होती. आपल्याकडे दीडशेहून अधिक वर्षं न्यायालयांनी मोजलेल्या वीस दिवसांची सावली तिथली आहे.

इंग्लंडचा स्वतःचा जुना कायदा मात्र आणखी वेगळ्या मोजपट्टीचा होता. तिथे ‘मेहेम’ नावाचा गुन्हा होता आणि त्याची कसोटी एकच: या जखमेमुळे माणूस लढायला कमी पडेल का? डोळा गेला, बोट गेलं, हात गेला तर मेहेम. समोरचे दात पाडले तरी मेहेम, कारण झटापटीत दातही कामाला येतात. नाक किंवा कान कापला तर मात्र नाही. नाक गेलेला माणूस भाला तितक्याच जोराने फेकू शकतो. राजाला शिपाई हवा होता, त्याच्या चेहऱ्याशी राजाला कर्तव्य नव्हतं. मग डिसेंबर १६७० मध्ये सर जॉन कॉव्हेन्ट्री या खासदाराने दुसऱ्या चार्ल्स राजाच्या नाटकवाल्या मैत्रिणींवरून सभागृहात टोमणा मारला आणि काही दिवसांतच लंडनच्या रस्त्यावर त्याला गाठून त्याचं नाक चिरलं गेलं. खासदाराचं नाक म्हटल्यावर संसद खडबडून जागी झाली. पुढच्याच वर्षी झालेला कायदा ‘कॉव्हेन्ट्री अ‍ॅक्ट’ म्हणूनच ओळखला जातो. दबा धरून, विद्रूप करण्याच्या हेतूने नाक, ओठ कापणं हा देहदंडाचा गुन्हा ठरला. सामान्यांची नाकं त्याआधीही कापली जात असणारच.

नाकाचा विषय निघालाच आहे तर पुण्याजवळ घडलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या एका विटा भाजणाऱ्या जातीच्या कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. कंपनीच्या डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली आणि ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती चित्रासह छापून आली. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात या मजकुराला मोठा मान आहे. मला त्यात दिसतो तो वर्गीकरणाचा नमुना. कावसजीचा हात जुन्या इंग्रजी कायद्यात बसतो, नाक बसत नाही. १८६० च्या यादीत दोन्ही बसतात, हात चौथ्या प्रकारात आणि नाक सहाव्यात. आणि नवं नाक मिळाल्यावर त्याची विद्रूपता ‘कायमची’ म्हणायची का, हा प्रश्न आपल्या कायद्याने २०१३ पर्यंत नीट हाताळलाच नाही. त्याकडे पुढे येऊ.

मेकॉलेच्या यादीने केलेलं काम लहान नव्हतं. शिपायाचं शरीर बाजूला सारून तिने कुणाचंही शरीर समोर ठेवलं. खासदार आणि बैल हाकणारा यांच्या नाकाला तिने एकच कलम दिलं. यादीत बसणं न बसणं डॉक्टरला तपासता येईल आणि न्यायाधीशाला पडताळता येईल, अशी सोय केली. किंमत एवढीच मोजली की जे मोजता येत नाही ते यादीबाहेर राहिलं.

आता ही यादी प्रत्यक्षात कुठे भरली जाते ते पाहू. ती कोर्टात नव्हे, ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री अकरा वाजता भरली जाते. जखमीला घेऊन पोलीस हवालदार आलेला असतो, डॉक्टर ‘एमएलसी’ची नोंद करतात, म्हणजे ही पोलीस केस आहे असं रजिस्टरवर चढतं. जखम प्रमाणपत्रात रकाने ठरलेले: जखमेचा प्रकार, लांबी-रुंदी-खोली, शरीरावरची जागा, किती तासांपूर्वीची, कोणत्या प्रकारच्या हत्याराने झालेली असू शकते, आणि शेवटी तो निर्णायक रकाना, साधी की गंभीर. डोक्याला चार सेंटीमीटरची जखम आहे, टाके घातले आहेत. हाडाला लागलंय का? एक्स-रे तालुक्याला होणार. डॉक्टर लिहितात, मत राखून ठेवलं आहे. या राखून ठेवलेल्या मतावर पुढचं सगळं अवलंबून असतं. साधी मारहाण कलम ११५(२) खाली येते, जुन्या भाषेत ३२३. ती अदखलपात्र, म्हणजे पोलीस ‘एनसी’ लिहून घेतात आणि कोर्टात जायला सांगतात; शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. तीन दिवसांनी एक्स-रेत कवटीला चीर दिसली की कलमवाढ होते, ११७(२), जुनं ३२५, दखलपात्र, सात वर्षांपर्यंत. मारणारा तोच, फटका तोच. फक्त फिल्म आली.

म्हणूनच अशा खटल्यात सगळ्यात कठोर उलटतपासणी डॉक्टरची होते. कवटीचं हाड आरपार तुटलेलं नाही, वर नुसती चीर आहे, मग याला मोडणं म्हणायचं का, असा वाद ‘होरीलाल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने सांगितलं की हाड आरपार कापलं गेलंच पाहिजे, तुकडा सरकलाच पाहिजे असं नाही. हाडाला तडा किंवा भेग गेली तरी ते अस्थिभंगच. दाताबाबत बचाव पक्षाचा ठरलेला प्रश्न असतो: हिरड्यांच्या रोगाने हा दात आधीच हलत नव्हता का? म्हणून दात पडला तर डॉक्टरने खोबणी पाहायची, शेजारचे दात हलवून पाहायचे, हिरडी फाटली आहे का ते नोंदवायचं. आणि कानाखाली मारल्याने पडदा फाटला तर? बहुतेक वेळा तो काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. त्या रात्री ऐकू येत नाही म्हणून जबर दुखापत ठरत नाही. पडदा भरल्यावर, काही महिन्यांनी केलेली श्रवण चाचणी सांगेल की गेलं ते कायमचं गेलं का.

दिवसांचा प्रकार तर सर्वांत जास्त ओढाताणीचा. ‘किती दिवस अ‍ॅडमिट होता?’ हा प्रश्न पोलीस ठाण्यात पहिला विचारला जातो, आणि गावोगावच्या जाणत्यांना तो पाठ असल्यामुळे काही जखमी बरे झाल्यावरही खाटेवरून उठत नाहीत. पण कायद्यात रुग्णालयातल्या मुक्कामाचा उल्लेखच नाही. तीव्र वेदना होत्या का, रोजचे व्यवहार बंद पडले होते का, हे सिद्ध करावं लागतं. नुसता डिस्चार्ज कार्डावरचा आकडा पुरत नाही. आता वीसचे पंधरा झाल्याने एक गंमत झाली आहे. मारहाणीने सतरा दिवस अंथरुणाला खिळलेला माणूस जून २०२४ मधल्या मारहाणीचा असेल तर साध्या दुखापतीचा, जुलैमधल्या असेल तर जबर दुखापतीचा. गुन्हा घडला त्या दिवशीचा कायदा लागू होतो, त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं आपल्या न्यायालयांत दोन्ही मोजपट्ट्या शेजारी शेजारी चालणार आहेत.

जखम ठरली की दुसरा प्रश्न हत्याराचा. हाताने, लाथेने जबर दुखापत केली तर सात वर्षं. गोळी, भोसकण्याचं किंवा कापण्याचं हत्यार, आग, तापलेली वस्तू, विष, दाहक पदार्थ, स्फोटक, एवढंच काय अंगावर सोडलेलं जनावर वापरून केली तर कलम ११८(२), जुनं ३२६: दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप, आणि जामीन हक्काने मिळत नाही. लोकांच्या तोंडी ‘तीनशे सव्वीस लागलं’ हे वाक्य इतकं रुळलं आहे की नवा क्रमांक तोंडात बसायला एक पिढी जाईल. आता दात हे हत्यार आहे का? दिल्लीतल्या एका प्रकरणात चावून बोटाचं टोक तोडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये माणसाचे दात धोकादायक हत्यारांत मोडत नाहीत म्हणून ३२६ काढून ३२५ लावलं. एप्रिल २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही सासरच्या भांडणातल्या चाव्याबाबत हेच धोरण ठेवलं. म्हणजे एकच दात पडला तर जबर दुखापत आहे, चावला तर हत्यार नाही. दगडाचं मात्र तसं सरसकट ठरत नाही. केरळमधल्या ‘मथाई’ खटल्यात दगडाचा आकार पाहून तो धोकादायक नाही असं ठरलं. पाटा उचलून डोक्यात घातला असता तर निकाल वेगळा लागला असता.

तिसरा प्रश्न मनातल्या हेतूचा, आणि तो सर्वांत कमी बोलला जातो. जबर दुखापत झाली एवढ्याने भागत नाही. मारणाऱ्याला तशी दुखापत करायची होती किंवा होऊ शकते हे माहीत होतं, असं दिसलं पाहिजे. रागाने एक चापट मारली, समोरचा तोल जाऊन पायरीवर पडला आणि खुबा मोडला, तर परिणाम जबर पण गुन्हा बहुधा साधाच. उलट चेहरा विद्रूप करायच्या इराद्याने वार केला, चेहरा वाचला पण माणूस वेदनेने तळमळत पडून राहिला, तरी तो जबर दुखापतीचाच गुन्हेगार. एका प्रकारचा हेतू आणि दुसऱ्या प्रकारचं फळ यांची गाठ कायदा घालू देतो. वाहनाच्या बेदरकारपणाने पाय गेला तर तो वेगळा आणि हलका कप्पा, कलम १२५. तिथे जबर दुखापतीला तीन वर्षांपर्यंत.

वरची सीमा खुनाच्या प्रयत्नाला लागते, ज्याला लोक ‘हाफ मर्डर’ म्हणतात. तिथे जखमेची जागा हेतू घेतो. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध बलराम बामा पाटील’ या १९८३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की खुनाच्या प्रयत्नाला प्राणघातक जखम व्हायलाच हवी असं नाही. त्याआधी १९४५ मध्ये ‘अब्दुल वहाब’ खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं होतं की जिवाला धोका करणारी जखम आणि मृत्यू घडवण्याची शक्यता असलेली जखम यांच्यातली रेषा फार बारीक असते. ही बारीक रेषा पार झाली की काय होतं ते २०१३ मध्ये मुंबईने पाहिलं. नर्सिंगच्या नोकरीसाठी दिल्लीहून आलेल्या तरुणीवर वांद्रे टर्मिनसवर अ‍ॅसिड टाकलं गेलं. महिन्याभराने तिचा मृत्यू झाला आणि दुखापतीचा गुन्हा खुनाचा झाला. २०१६ मध्ये फाशी, २०१९ मध्ये उच्च न्यायालयात जन्मठेप.

अ‍ॅसिडनेच या जुन्या यादीला पहिला खरा धक्का दिला. २०१३ पूर्वीही दाहक पदार्थ ३२६ मध्ये होताच आणि जन्मठेपेची सोयही होती. अडचण खालच्या टोकाला होती: किमान शिक्षाच नव्हती. शिवाय अ‍ॅसिड चेहऱ्याऐवजी खांद्यावर, छातीवर पडलं आणि बाई वीस दिवसांच्या आत घरकामाला लागली (तिला लागावंच लागतं), तर प्रकरण साध्या दुखापतीच्या ३२४ वर, तीन वर्षांच्या मर्यादेत घसरायला वाट मोकळी. लक्ष्मी अगरवाल यांनी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेली याचिका, न्या. वर्मा समितीचा अहवाल आणि २०१३ ची दुरुस्ती यांतून ३२६-अ आलं, आता कलम १२४. किमान दहा वर्षं, कमाल जन्मठेप, आणि दंडाची रक्कम उपचाराचा खर्च भागेल अशी व ती पीडितेलाच. नुसतं टाकण्याचा प्रयत्न केला तरी पाच ते सात वर्षं. अ‍ॅसिड शरीराच्या कोणत्या भागावर पडलं याला महत्त्व उरलं नाही. त्याखालचं एक छोटं स्पष्टीकरण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: झालेली हानी कधीच भरून न येणारी असली पाहिजे असं नाही. म्हणजे बारा शस्त्रक्रियांनंतर चेहरा पुष्कळ सुधारला, यावरून आरोपीच्या वकिलाला ‘मग कायमचं काय राहिलं?’ असं विचारता येणार नाही. डॉक्टरच्या कौशल्याचा फायदा मारणाऱ्याला मिळायचा नाही. कावसजीच्या कपाळाच्या कातडीचं उत्तर द्यायला कायद्याला दोनशेहून अधिक वर्षं लागली, आणि तेही फक्त अ‍ॅसिडपुरतं. सुऱ्याने चिरलेल्या गालाला हे स्पष्टीकरण आजही लागू नाही.

दुसरा धक्का यायला त्याहून उशीर झाला, आणि तो ज्या प्रकरणाने यायला हवा होता ते मुंबईतच घडलं होतं. २७ नोव्हेंबर १९७३ ला परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने गळ्याला कुत्र्याची साखळी आवळून हल्ला केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात, सहकारी परिचारिकांच्या हातून भरवल्या जात, पडून राहिल्या. हल्लेखोराला हल्ला आणि लूट यांसाठी सात-सात वर्षं झाली, एकदमच भोगायची. लैंगिक अत्याचाराचं कलम लागलंच नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या नावाने जो निकाल झाला तो दयामरणाचा होता. त्यामुळे आपल्याकडे हे प्रकरण मरणाच्या हक्काचं म्हणून लक्षात राहिलं. ते आधी शिक्षेच्या मोजमापाचं होतं, हे कुणी फारसं बोललं नाही. चार दशकं हिरावून घेणाऱ्या जखमेसाठी कायद्याकडे वेगळा खण नव्हता. यादीत ती बसायची आठव्या प्रकारात, वीस दिवसांच्या कंबरदुखीच्या शेजारी.

तो खण आता आहे, न्याय संहितेच्या कलम ११७(३) मध्ये. जबर दुखापत करताना माणसाला कायमचं अपंगत्व आलं किंवा तो सततच्या बेशुद्धावस्थेत गेला, तर किमान दहा वर्षं सक्तमजुरी आणि कमाल उर्वरित नैसर्गिक आयुष्य तुरुंगात. खटला सत्र न्यायालयात. दात आणि डोळा पहिल्यांदाच वेगवेगळ्या पायऱ्यांवर गेले.

गेले का, हा मात्र प्रश्नच आहे. ‘कायमचं अपंगत्व’ म्हणजे काय याची व्याख्या संहितेत नाही. एक डोळा जाणं हे जबर दुखापतीच्या यादीत आधीच ‘कायमचं’ म्हणून आलं आहे. मग ते आपोआप ११७(३) मध्ये जातं का? तसं असेल तर यादीतले पहिले पाच प्रकार सात वर्षांच्या कलमातून जवळजवळ रिकामे होतात आणि तिथे मागे राहतात ते विद्रूप चेहरा, हाड, दात आणि दिवस. तसं नसेल तर सीमा कुठे? बचावाचा वकील अपंगत्व प्रमाणपत्र मागेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्क्यांचा उंबरठा आहे आणि सरकारी निकषांनुसार एक डोळा पूर्ण गेलेल्या, दुसरा चांगला असलेल्या माणसाला तीस टक्केच मिळतात. नोकरीच्या आरक्षणासाठी ठरवलेला हा आकडा फौजदारी शिक्षेत आणणं मला पटत नाही; पण व्याख्या नसलेल्या जागेत जवळ असलेलीच मोजपट्टी उचलली जाते. आणखी एक विसंगती: ठोशाने डोळा घालवला आणि ११७(३) लागलं तर किमान दहा वर्षं, पण चाकूने घालवला आणि फक्त ११८(२) लावलं तर किमान एक वर्ष. सरकारी वकील अर्थातच दोन्ही कलमं लावतील. तपास अधिकाऱ्याला हे आरोपपत्र दाखल करताना सुचलं पाहिजे, आणि त्यासाठी जखम प्रमाणपत्रात ‘गंभीर’ या एका शब्दावर थांबून चालणार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरचं, काही महिन्यांनंतरच्या तपासणीचं दुसरं प्रमाणपत्र जोडावं लागेल. जुन्या छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नाही.